क्यूटीच्या स्टाइलशीटने आयकॉनचा रंग का बदलत नाही, आणि मग तो बदलायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्यूटी या प्रोग्राम बांधायच्या लायब्ररीतल्या विजेट्सवर, म्हणजे बटणं-याद्यांसारख्या खिडकीतल्या घटकांवर, बांधलेलं एक डेस्कटॉप ॲप्लिकेशन, टूलबारवर चाळीसेक एसव्हीजी (रेषा आणि आकारांच्या वर्णनातून उमटणारे) आयकॉन, सगळे काळ्या रंगात काढलेले. डार्क थीम करायची ठरली तेव्हा स्टाइलशीटमध्ये, म्हणजे दिसण्याचे नियम लिहिलेल्या मजकुरात, टूलबटणाला ‘कलर’ पांढरा दिला. बटणांवरची अक्षरं पांढरी झाली, आयकॉन मात्र काळेच राहिले आणि गडद पट्टीवर दिसेनासे झाले. शिवाय माउस वर नेला की आयकॉन निळा व्हायला हवा आहे. आणि प्रत्येक आयकॉनच्या काळ्या, पांढऱ्या, निळ्या अशा तीन-तीन फाइली सांभाळायची तयारी नाही.

आधी सरळ उत्तर देतो: एसव्हीजी आयकॉनांच्या बाबतीत निव्वळ स्टाइलशीटने हे होणार नाही. क्यूटीची स्टाइलशीट कोणतं चित्र दाखवायचं ते ठरवू शकते, त्या चित्राच्या आतला रंग बदलू शकत नाही. रंग बदलायचं काम आयकॉन तयार होतो त्या जागी करावं लागतं. कोणता रंग लावायचा एवढंच स्टाइलशीटकडून घेता येतं. ही विभागणी एकदा नीट बसली की चाळीस काय, चारशे आयकॉनही एकाच संचातून कुठल्याही थीमला पुरतात. मी क्यूटी ४ च्या दिवसांपासून हे काम करतो आहे आणि यातल्या बहुतेक वाटांनी स्वतः गेलो आहे, म्हणून कोणती वाट कुठे अडते तेही सांगतो.

‘कलर’ आयकॉनपर्यंत का पोहोचत नाही ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्टाइलशीट क्यूटीत आल्या २००६ साली, ४.२ या आवृत्तीबरोबर, आणि ४.३ मध्ये त्या आणखी विजेट्सना लागू झाल्या. त्या दिसतात वेबच्या सीएसएससारख्या, त्यामुळे वेबवर हात बसलेला माणूस ‘फिल्टर’, ‘करंटकलर’, ‘मास्क’, व्हेरिएबल हे सगळं इथेही असेल असं धरून चालतो. यातलं काहीच इथे नाही. ‘ओपॅसिटी’ आहे, पण ती फक्त टूलटिपसाठी. बटण रंगवायची वेळ आली की स्टाइल तुमचा नियम वाचते, ‘कलर’मधला रंग त्या बटणाच्या पॅलेटमध्ये (रंगांच्या तक्त्यात) अक्षरांच्या जागी ठेवते आणि अक्षरं त्या रंगात काढते. आयकॉनची पाळी आली की ती क्यूआयकॉनकडे, म्हणजे आयकॉन सांभाळणाऱ्या क्यूटीच्या वर्गाकडे (क्लासकडे), मागणी करते: अमुक मापाचं, अमुक मोडचं, अमुक स्थितीचं चित्र दे. मोड चारच आहेत, नॉर्मल, डिसेबल्ड, ॲक्टिव्ह आणि सिलेक्टेड. स्थिती दोन, ऑन आणि ऑफ. या मागणीत रंगाला जागाच नाही. आपण कोणत्या विजेटवर उमटणार आहोत, हेही क्यूआयकॉनला कळत नाही. इथेच घोडं पेंड खातं. तुम्ही स्टाइलशीटमध्ये कितीही नेमका सिलेक्टर लिहा, तो रंग आयकॉनच्या दारापर्यंत जातच नाही.

मग स्टाइलशीटमध्ये चित्रांसाठी आहे तरी काय? ‘इमेज’, ‘बॅकग्राउंड-इमेज’ आणि ‘बॉर्डर-इमेज’ या तीन प्रॉपर्टी जुन्या आहेत. ५.१५ पासून पुश बटणासाठी ‘आयकॉन’ अशी स्वतंत्र प्रॉपर्टीही आली. या सगळ्यांना फाइलीचा पत्ता लागतो, आणि होव्हर (माउस वर असलेलं), प्रेस्ड (दाबलेलं), चेक्ड (चालू ठेवलेलं), डिसेबल्ड (बंद) अशा अवस्थांप्रमाणे वेगळी फाइल देणं एवढीच त्यांची झेप. टूलबारवर सहा-आठ आयकॉन असतील आणि थीम एकच असेल, तर खुशाल हेच करा. त्यात कमीपणा नाही. मूळ एसव्हीजी एकच ठेवायची आणि बिल्डच्या वेळी एका छोट्या स्क्रिप्टने तिच्यातला रंग बदलून बाकीच्या फाइली रिसोर्समध्ये टाकायच्या. हाताने सांभाळायला एकच संच उरतो.

काही ठिकाणी तर दुसरा इलाजच नसतो. चेकबॉक्सची खूण, कॉम्बोबॉक्सचा खालचा बाण, ट्रीमधले उघडण्या-मिटण्याचे बाण हे स्टाइलशीटने सजवायला घेतले की तिथे क्यूआयकॉन येतच नाही. थेट ‘इमेज’मधली फाइल उमटते. पुढे मी जी पद्धत सांगणार आहे ती या भागांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्यांच्यासाठी दोन फोल्डर ठेवा, उजळ आणि गडद, दोन्हींत फाइलींची नावं तीच. स्टाइलशीटमध्ये पत्ता लिहिताना पूर्ण मार्ग न लिहिता स्वतःचा एक उपसर्ग लिहायचा, उदाहरणार्थ ‘थीम’ हा शब्द, मग कोलन आणि फाइलीचं नाव. तो उपसर्ग कोणत्या फोल्डरकडे वळतो ते क्यूडिरच्या सेटसर्चपाथ्स या फंक्शनने ठरतं. थीम बदलली की सर्चपाथ बदलायचा आणि स्टाइलशीट पुन्हा लावायची. अशा फाइली दहा-बाराच असतात, त्यामुळे दोन संचांचं ओझं होत नाही.

आता मुख्य काम. एकरंगी आयकॉनकडे चित्र म्हणून पाहणं सोडा. त्याच्याकडे रांगोळीच्या छापासारखं पाहा. छाप आकार देतो, रंग आपण वरून टाकतो तो. आयकॉनमध्ये छापाची भोकं म्हणजे अल्फा चॅनेल, प्रत्येक पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणारा आकडा: जिथे अल्फा २५५ तिथे रंग पूर्ण उतरतो, जिथे ० तिथे काहीच नाही, आणि कडेला १२८ असेल तर रंगही अर्धाच उतरतो. मूळ फाइल काळी होती की जांभळी, याने मग काही फरक पडत नाही.

हे करायचं साधन क्यूपेंटरमध्ये, म्हणजे क्यूटीच्या चित्र काढणाऱ्या वर्गात, तयार आहे. त्याच्या कम्पोझिशन मोडमध्ये (नवं चित्र जुन्यावर कसं मिसळायचं त्या पद्धतींत) ‘सोर्सइन’ नावाचा एक मोड आहे. ही सगळी क्रियांची मालिका थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडली होती आणि आजही चित्रं एकावर एक चढवण्याचं जवळपास सगळं गणित तिच्यावरच चालतं. ‘सोर्सइन’चा अर्थ असा: नवा रंग घ्या, पण तो जुन्या चित्राच्या अल्फाइतकाच उमटू द्या. करायचं एवढंच. हव्या मापाचा पिक्समॅप (मेमरीतलं पिक्सेलचं चित्र) घ्या, तो आधी पारदर्शक रंगाने भरा, त्याच्यावर एसव्हीजी काढा, मग कम्पोझिशन मोड ‘सोर्सइन’ करा आणि पूर्ण चौकोन हव्या रंगाने फिलरेक्ट करा. चार-पाच ओळींचं काम आहे.

या चार-पाच ओळींत चुकायच्या जागा मात्र बऱ्याच आहेत. पहिली: हे सगळं वेगळ्या पिक्समॅपवर करा, थेट बटणावर नको. बटणाची पार्श्वभूमी अपारदर्शक असते, म्हणजे तिथे सगळीकडे अल्फा २५५. थेट तिथे ‘सोर्सइन’ चालवलंत तर आयकॉनऐवजी रंगाचा भरीव चौकोन मिळेल. दुसरी: पिक्समॅप पारदर्शक न करता वापरला तर त्यात मेमरीतला जुना कचरा असू शकतो. एका मशीनवर नीट दिसतं, दुसऱ्यावर आयकॉनमागे काळा डाग येतो, आणि कारण शोधण्यात अख्खा दिवस जातो.

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती उपाय म्हणून सर्रास सांगितली जाते. क्रिएटमास्कफ्रॉमकलरने काळ्या रंगाचा मास्क काढायचा, पिक्समॅप नव्या रंगाने भरायचा आणि सेटमास्कने तो मास्क परत लावायचा. ओळी कमी लागतात, पण हा मास्क क्यूबिटमॅप असतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच बिट: आहे किंवा नाही. कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल, ज्यांच्यामुळे तिरक्या रेषा गुळगुळीत दिसतात, ते सगळे या चाळणीत मारले जातात. १६ पिक्सेलच्या आयकॉनवर गोलाचा अष्टकोन झालेला उघड्या डोळ्यांना दिसतो. कुणी कितीही ठामपणे सुचवलं तरी हा मार्ग घेऊ नका.

चौथी गोष्ट स्क्रीनच्या स्केलिंगची. २०० टक्के स्केलिंगवर ३२ च्या आयकॉनला प्रत्यक्षात ६४ पिक्सेल लागतात. पिक्समॅप ६४ चा बनवायचा आणि त्याला डिव्हाइस पिक्सेल रेशो २ सांगायचा. सांगायला विसरलात तर आयकॉन दुप्पट मोठा तरी येईल नाहीतर दाबून बसवल्यासारखा दिसेल. क्यूटी ५ मध्ये हाय-डीपीआय पिक्समॅप वापरायचे की नाही हा ॲप्लिकेशनचा पर्याय होता आणि तो मुळात बंद असायचा. क्यूटी ६ मध्ये तो कायम चालू आहे. शिवाय १२५ आणि १५० टक्के ही अपूर्णांकातली स्केलिंग क्यूटी ६ जशीच्या तशी घेतं, तर ५.१४ आणि ५.१५ त्यांना पूर्णांकात आणायचे. म्हणून क्यूटी ५ वर ठीक दिसलेला आयकॉन ६ वर किंचित धूसर दिसू लागला, तर आधी हे तपासा. एसव्हीजी हातात असताना तयार पिक्समॅप ताणू नका. प्रत्येक मापाला मूळ एसव्हीजीपासून पुन्हा काढा.

आता ही कृती ठेवायची कुठे? अनेक जण ॲप्लिकेशन सुरू होताना सगळे आयकॉन रंगवून क्यूआयकॉनमध्ये ॲडपिक्समॅप करतात. चालतं. पण थीम बदलली की सगळे पुन्हा बनवून प्रत्येक ॲक्शनला (टूलबार-मेन्यूतल्या आदेशाला) पुन्हा द्यावे लागतात, आणि दुसऱ्या स्केलिंगच्या मॉनिटरवर खिडकी नेली की मापं कमी पडतात. माझ्या मते योग्य जागा एकच, क्यूआयकॉनइंजिन. आयकॉनला चित्र पुरवणारा हा वर्ग आपण स्वतः लिहू शकतो. त्यात पेंट आणि क्लोन ही दोन फंक्शनं लिहावीच लागतात. पिक्समॅप हे तिसरंही स्वतः लिहा, म्हणजे पारदर्शक सुरुवात आपल्या हातात राहते. या इंजिनाला एसव्हीजीचा पत्ता द्या. पेंटमध्ये मोड आणि स्थिती आयत्या मिळतात, त्यावरून रंग ठरवा: नॉर्मलला पॅलेटमधला बटण-टेक्स्ट, ॲक्टिव्हला तुमचा निळा, सिलेक्टेडला हायलाइटेड-टेक्स्ट. रंग काढण्याच्या क्षणी वाचला जात असल्याने थीम बदलून खिडकी पुन्हा रंगली की आयकॉन आपोआप नव्या रंगात येतात. कुठल्याही ॲक्शनला हात लावावा लागत नाही.

डिसेबल्डची एक सोय सांगतो. ‘सोर्सइन’मध्ये उतरणारा अल्फा म्हणजे भरायच्या रंगाचा अल्फा आणि चित्राचा अल्फा यांचा गुणाकार. म्हणून तोच रंग १०० अल्फाने भरला की त्याच एका क्रियेत आयकॉन ३९ टक्क्यांवर येतो आणि मंद दिसतो. क्यूटीची स्टाइल स्वतःहून डिसेबल्ड चित्र बनवते, पण गडद थीममध्ये तिचा राखाडी रंग माझ्या मनासारखा कधी आला नाही. हे काम मी नेहमी इंजिनाकडेच ठेवतो.

दर वेळी एसव्हीजी काढणं महाग वाटत असेल तर क्यूपिक्समॅपकॅश वापरा, म्हणजे तयार चित्रं साठवून ठेवायची जागा. चित्र ज्या नावाने ठेवता त्या किल्लीत फाइलीचं नाव, माप, पिक्सेल रेशो आणि रंग हे चारही घ्या. रंग विसरलात तर थीम बदलूनही जुनेच आयकॉन दिसत राहतील. या कॅशची मूळ मर्यादा १०२४० केबी आहे. ६४ बाय ६४ चं एक चित्र १६ केबीचं, म्हणजे अशी ६४० चित्रं त्यात मावतात. चाळीस आयकॉनच्या सगळ्या अवस्था धरूनही भरपूर जागा उरते.

पायथॉनमधून काम करताना मी इंजिनाच्या वाटेला जात नाही. तिथे आयकॉन बनवणारं एकच फंक्शन लिहितो. ते प्रत्येक मोडसाठी, वेगवेगळ्या मापांचे पिक्समॅप घालून क्यूआयकॉन परत देतं. आणि पॅलेट बदलल्याचा इव्हेंट आला की एका डिक्शनरीत नोंदवलेल्या सगळ्या ॲक्शनना नवे आयकॉन देतो. थोडं ढोबळ आहे, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.

होव्हरबद्दल एक बारीक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे लोक आपल्याच कोडवर संशय घेत बसतात. टूलबारवरच्या टूलबटणांना ऑटोरेझ (माउस आल्यावरच बटण उठून दिसणं) मुळातच चालू असतं, आणि अशा बटणावर माउस आला की स्टाइल आयकॉनकडे ॲक्टिव्ह मोड मागते. म्हणजे तुमच्या प्रश्नातला निळा होव्हर इंजिनातल्या ॲक्टिव्हने थेट सुटतो. पण पुश बटणात ॲक्टिव्ह मोड माउस आल्यावर मागितला जात नाही, कीबोर्डचा फोकस आल्यावर मागितला जातो. हेच इंजिन पुश बटणाला दिलंत तर क्लिक केल्यानंतर आयकॉन निळा होऊन तसाच बसेल आणि माउस नेल्यावर काहीच होणार नाही. पुश बटणाला होव्हर हवाच असेल तर त्याचा वर्ग वाढवून माउस आत आल्याचे आणि बाहेर गेल्याचे इव्हेंट स्वतः हाताळा.

इतकं झाल्यावर कुणीही विचारेल, यात स्टाइलशीट राहिली कुठे? रंग तर पॅलेटमधून येतोय. पॅलेटवर भागत असेल तर मी तिथेच थांबतो. पण ज्यांची संपूर्ण थीम स्टाइलशीटमध्ये आहे, डिझायनर तीच फाइल उघडून रंग बदलतो, त्यांना आयकॉनचा रंगही तिथेच हवा असतो आणि ही मागणी रास्त आहे. त्यासाठी पूल आहे तो ‘क्यूप्रॉपर्टी’ या उपसर्गाचा. टूलबटणाचा स्वतःचा वर्ग बनवा, त्यात क्यूकलर प्रकाराच्या तीन प्रॉपर्टी जाहीर करा: आयकॉनचा रंग, होव्हरचा रंग, चेक्डचा रंग. स्टाइलशीटमध्ये ‘क्यूप्रॉपर्टी’, मग आडवी रेघ आणि त्या प्रॉपर्टीचं नाव लिहून रंग द्या. स्टाइल त्या विजेटला पॉलिश करते, म्हणजे नियम लावून सजवते, तेव्हा हा रंग तुमच्या सेटरकडे (प्रॉपर्टीची किंमत ठेवणाऱ्या फंक्शनकडे) येतो. सेटरने तो इंजिनाला द्यायचा आणि अपडेट म्हणायचं. पेंट करताना इंजिन पॅलेटऐवजी हा रंग वापरतं. विजेटचा रंग आयकॉनपर्यंत न पोहोचण्याची मूळ अडचण अशी दूर होते.

तीन प्रॉपर्टी का, होव्हरच्या नियमात एकच प्रॉपर्टी बदलली तर? तसं चालत नाही. ‘क्यूप्रॉपर्टी’ फक्त पॉलिशच्या वेळी एकदा वाचली जाते. माउस आला-गेला तरी ती पुन्हा वाचली जात नाही. याच कारणाने ‘क्यूप्रॉपर्टी-आयकॉन’ला होव्हरमध्ये दुसरी फाइल देण्याचा प्रयत्नही फसतो. म्हणून सगळ्या अवस्थांचे रंग आधीच घेऊन ठेवायचे आणि कोणता कधी लावायचा ते इंजिनाने ठरवायचं. थीम बदलताना स्टाइलशीट पुन्हा लावली की विजेट्स पुन्हा पॉलिश होतात आणि नवे रंग येतात. तुमचा वर्ग नेमस्पेसमध्ये असेल तर सिलेक्टरमध्ये दोन कोलनच्या जागी दोन आडव्या रेघा लिहाव्या लागतात; त्या विसरल्या तर नियम मुकाट्याने लागू होत नाही. आणि पॅलेट किंवा स्टाइल बदलल्याच्या इव्हेंटमध्ये सेटस्टाइलशीट बोलावू नका. ते बोलावल्याने तोच इव्हेंट पुन्हा येतो आणि प्रोग्राम स्वतःभोवती फिरत राहतो.

थीम बदलली हे कळायचं कसं? ६.५ पासून क्यूस्टाइलहिंट्समध्ये कलरस्कीम ही प्रॉपर्टी आणि ती बदलल्याचा सिग्नल आहे, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमने डार्क मोड चालू केला तर थेट समजतं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर पॅलेट बदलल्याचा इव्हेंट पकडा आणि खिडकीच्या रंगाचा उजळपणा अक्षरांच्या रंगापेक्षा कमी आहे का, ते पाहा. ओबडधोबड वाटतं, पण मला अजून दगा दिलेला नाही.

इथपर्यंतचं सगळं एकरंगी आयकॉनचं. बहुरंगी आयकॉनचा धडा मला एका कारखान्याच्या नियंत्रण पॅनेलवर मिळाला. यंत्रात बिघाड झाला की लाल त्रिकोण आणि त्यात पांढरं उद्गारचिन्ह दिसायचं. डार्क थीम देताना मी सगळे आयकॉन एकाच इंजिनातून काढले. त्रिकोणातलं उद्गारचिन्ह हे भोक नव्हतं, लाल आकारावर ठेवलेला पांढरा आकार होता. अल्फा दोन्हीकडे २५५. ‘सोर्सइन’ने दोन्ही एकाच रंगात भरले आणि पडद्यावर उरला निव्वळ पांढरा त्रिकोण. चाचणीच्या खोलीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे बिघाड होतच नव्हता. पॅनेलसमोर उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी विचारलं, “साहेब, हा त्रिकोण कशाचा?” धोक्याची खूण ओळखू येत नसेल तर बाकीच्या नीटनेटक्या टूलबारला काय अर्थ आहे? त्या दिवसापासून मी आयकॉनचे दोन गट करतो: रंगवायचे आणि न रंगवायचे. इशारे, ध्वज, कंपन्यांची बोधचिन्हं आणि ज्यांत रंगालाच अर्थ आहे ते सगळे दुसऱ्या गटात. आणि पहिल्या गटात येणाऱ्या प्रत्येक फाइलीत आतली नक्षी खरोखर भोक आहे ना, हे इंकस्केप या एसव्हीजी संपादकात उघडून पाहतो.

अर्थाचा रंग तसाच ठेवून फक्त बाह्यरेषा बदलायची असेल तर पिक्सेल सोडून एसव्हीजीच्या मजकुरात शिरावं लागतं. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या ब्रीझ आयकॉनांनी हे फार छान केलं आहे. त्यांच्या बऱ्याच एसव्हीजींत एक छोटा स्टाइल विभाग असतो, त्यात अक्षरांच्या रंगाचा, हायलाइटचा वगैरे क्लास, आणि आकारांचा भरणरंग ‘करंटकलर’, म्हणजे त्या क्लासचा चालू रंग, असतो. आयकॉन काढण्याआधी केडीईचं इंजिन तेवढा स्टाइल विभाग चालू रंगसंगतीप्रमाणे बदलतं. ज्या आकाराला क्लास नाही तो आपल्या मूळ रंगात राहतो. आपल्याला इतकं नको असेल तर सोपी युक्ती आहे: बदलायचा भाग एका ठरलेल्या भडक रंगात काढायचा, मी २५५, ० आणि २५५ असा किरमिजी घेतो. मग फाइल वाचून तेवढा रंग मजकुरात बदलायचा आणि ते बाइट एसव्हीजी काढणाऱ्या क्यूएसव्हीजीरेंडररला द्यायचे. भडक रंगाचा फायदा असा की बदलायचा राहून गेला तर पडद्यावर लगेच ओरडून सांगतो.

काळा रंग शोधून बदलू नका. एसव्हीजीत ज्या आकाराला भरणरंग दिलेलाच नाही तो आपोआप काळा उमटतो. म्हणजे पडद्यावर काळं दिसतं, पण फाइलीत काळ्या रंगाचा आकडा सापडत नाही. शिवाय कुठल्या सॉफ्टवेअरने फाइल साठवली त्यावर तोच रंग कधी नावाने, कधी आकड्याने, कधी स्टाइलच्या आत लिहिलेला असतो. क्यूटीचा एसव्हीजी भाग बरीच वर्षं एसव्हीजी टायनी १.२ च्या स्थिर भागापुरताच होता, म्हणून ब्राउझरमध्ये सुंदर दिसणारी धूसर सावली इथे गायब झाली तर नवल नाही. आयकॉनांत साधे पाथ ठेवा.

फोटो किंवा रंगीत चित्राला छटा द्यायची असेल तर ‘सोर्सइन’ उपयोगाचं नाही, कारण फोटोत सगळीकडेच अल्फा २५५ असतो. तिथे क्यूग्राफिक्सकलराइझइफेक्ट आहे. तो चित्र आधी करड्या छटांत आणतो आणि मग ‘स्क्रीन’ पद्धतीने रंग चढवतो: काळं त्या रंगाचं होतं, पांढरं पांढरंच राहतं. हा इफेक्ट पूर्ण विजेटवर बसतो, त्याच्यावरच्या अक्षरांसकट, आणि एका विजेटला एकच इफेक्ट देता येतो. एखाद्या लेबलमधल्या चित्रासाठी ठीक, चाळीस बटणांसाठी नाही.

फॉन्ट आयकॉनचाही पर्याय आहेच. आयकॉन हे अक्षर असेल तर स्टाइलशीटमधला ‘कलर’ आणि होव्हर दोन्ही जसेच्या तसे चालतात. निव्वळ स्टाइलशीटने रंग बदलायची ही एकमेव खरी वाट. लहान साधनांत मी ती वापरली आहे. पण बटणाचा मजकूर म्हणजे ते खासगी कोडचं अक्षर, त्यामुळे स्क्रीन रीडर काहीतरी निरर्थक वाचतो किंवा गप्प राहतो. ॲक्सेसिबल नाव प्रत्येक बटणाला हाताने द्या. अंध वापरकर्त्याला ‘सेव्ह’ कुठे आहे ते कळायलाच हवं.

क्यूटी क्विकमध्ये, म्हणजे क्यूटीच्या विजेट्सहून वेगळ्या पद्धतीत, काम करणाऱ्यांना यातलं बरंचसं लागत नाही. तिथे ५.१० पासून कंट्रोल्सना आयकॉनच्या रंगाची प्रॉपर्टी आहे, आणि ६.५ पासून मल्टीइफेक्टमध्ये कलरायझेशन. जीटीके ही दुसरी लायब्ररी तर याबाबतीत क्यूटी विजेट्सच्या पुढे आहे: ज्या आयकॉनच्या नावाच्या शेवटी ‘सिम्बॉलिक’ येतं तो सीएसएसमधला ‘कलर’ आपोआप घेतो, आणि यश, इशारा, चूक या तीन अर्थांच्या रंगांना वेगळी जागाही ठेवलेली आहे. माझा त्रिकोण तिथे वाचला असता. जावाच्या जावाएफएक्समध्ये सीएसएसने चित्राची फाइल रंगवता येत नाही, पण रीजन या घटकाला एसव्हीजी पाथचा आकार देऊन पार्श्वभूमीचा रंग सीएसएसमधून बदलता येतो. तिथेही छापाचाच विचार आहे.

निळ्या होव्हरबद्दल शेवटची विनंती. वेबच्या सुलभतेच्या नियमांत, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, आयकॉनसारख्या घटकांना लगतच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे, आणि डेस्कटॉपवरही मी तोच धरतो. ३५, ३८, ४१ अशा गडद पट्टीवर शुद्ध निळा, म्हणजे ०, ०, २५५, जेमतेम १.८:१ भरतो. माउस नेल्यावर आयकॉन उठून दिसण्याऐवजी विझेल. ६१, १७४, २३३ असा आकाशी घेतलात तर तो ६:१ च्या आसपास जातो. उजळ थीममध्ये मात्र हाच आकाशी पांढऱ्यावर फिका पडतो, म्हणून होव्हरचा रंग दोन्ही थीमना वेगवेगळा ठेवा. तुमच्या वर्गात त्यासाठीची प्रॉपर्टी आता आहेच. बदल झाल्यावर १००, १२५, १५० आणि २०० टक्के स्केलिंगवर दोन्ही थीम उघडून पाहा, आणि डिसेबल्ड व चेक्ड बटणं पडद्यावर मुद्दाम आणून पाहा. ती आपण होऊन समोर येत नाहीत.